दसऱ्याच्या दिवसाची प्रत

वाशीममधल्या एका शिक्षणसंस्थेच्या कचेरीत मी संगणक सांभाळतो. संस्थेच्या शाळा खेडोपाडी आहेत, आणि सगळ्यांचं ईमेल आमच्याच एका सर्व्हरवर येतं. आपलं टपाल दुसऱ्याच्या घरी कशाला ठेवायचं, असं जुन्या अध्यक्षांचं मत होतं. म्हणून रेकॉर्डच्या खोलीशेजारी ते मशीन दिवसरात्र चालू असतं आणि त्याची काळजी माझ्याकडे आहे. ती मी नीट घेतो असा माझा समज होता. स्वभावानं मी तिरसट. दुसऱ्याची चूक मला लांबूनही दिसते.

माझा मोठा भाऊ, दादा, याच संस्थेच्या आसेगावच्या शाळेत विज्ञान शिकवायचा. माय त्याच्याजवळच राहायची. ती गेली त्या दिवशी तिला सकाळपासून अस्वस्थ वाटत होतं, पण दादाचा फोन मला आला दुपारी, सगळं संपल्यावर. मी पोचलो तेव्हा अंगणात माणसं बसली होती. मायच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, पंगत बसली, आणि मी सगळ्यांदेखत त्याला म्हणालो, “माय काय एकट्या तुहीच होती? मले सकाळीच काहून नाही सांगतलं?” तो खाली मान घालून वाढत राहिला. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलणं टाकलं. त्याचे फोन यायचे, मी वाजू द्यायचो.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी कचेरीच्या मेलवर त्याचं नाव दिसलं. विषय होता, ‘त्या दिवशी सकाळी’. हा फोन उचलत नाही, पण कचेरीचं मेल तर त्याला उघडावंच लागतं, असं त्यानं धरलं असावं. मी ते उघडलं नाही. न वाचलेलं मेल ठळक अक्षरांत राहतं. राहू दे तसंच, म्हटलं, बसू दे वाट बघत. रोज सकाळी ती ठळक ओळ दिसायची आणि, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायचं.

थंडीत दादा गेला. शाळेचे कागद घेऊन तो वाशीमला, आमच्याच कचेरीत यायला निघाला होता. शेलूबाजारच्या अलीकडे त्यानं मोटारसायकल कडेला लावली, छोट्या पुलाच्या कठड्यावर बसला आणि तिथून उठला नाही. कागद डिक्कीत तसेच होते. ते नंतर माझ्याच टेबलावर आले.

त्यानंतर मला ते मेल उघडवेना. आधी राग होता, आता भीती होती. नवीन मेलं येत गेली तशी ती ओळ खाली सरकली, तरी रोज मी पान खाली ओढत तिथपर्यंत जायचो आणि बघून परत यायचो. तो दाराबाहेर उभा आहे आणि मी कडी काढत नाही, असं वाटायचं. खोलीत मशीनचा पंखा घुरघुरत असायचा. शेवटी मी ठरवलं, वर्ष होऊ दे, त्याच्या स्मृतिदिनाला उघडू.

उन्हाळ्यात वहिनीचा फोन आला. “भाऊजी, त्याईनं तुमाले मेलवर चिठ्ठी लिवली होती ना? लय दिवस बसून लिवली. तिची एक कापी काढून देता का मले? माह्यापाशी त्याईच्या हातचं दुसरं काहीच नाही.”

देतो म्हणालो. पण कापी काढायची तर मेल उघडावं लागणार. आज करू, उद्या करू म्हणत मी तीन आठवडे घालवले. चौथ्या सोमवारी खोलीत शिरलो तर मशीनमधून खडा घासल्यासारखा आवाज येत होता. दुपारपर्यंत डिस्क गेली.

कचेरीत धावपळ उडाली, मी मात्र शांत होतो. बॅकअप आहे ना, म्हटलं. रोज संध्याकाळी सात वाजता एक प्रोग्रॅम मशीनवरचं सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायचा आणि सकाळी माझ्यासाठी अहवाल ठेवायचा. अहवालाच्या माथ्यावर हिरवी खूण असायची. ती बघून मी चहाला जायचो.

नवी डिस्क टाकून मी सगळं परत आणलं. निकालपत्रकं आली, सेवापुस्तकं आली, स्नेहसंमेलनांचे फोटो आले. मेलची फाइलही आली, पण तिच्यावर तारीख होती मागच्या दसऱ्याची. दादाचं मेल दिवाळीनंतरचं. पहिल्यांदाच मी अहवाल हिरव्या खुणेच्या खाली वाचला. बारीक करड्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘एक फाइल वापरात असल्याने वगळली.’ आदल्या दिवशी तेच, त्याच्या आदल्या दिवशीही तेच. मागे मागे जात राहिलो, ओळ बदलेना.

खात्री करायला मी मेल सुरू ठेवून प्रत काढून बघितली. फाइल वगळली. मेल बंद करून काढली, तर ती निमूट आली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा वगळली. कळायला सोपं होतं. कारकून रजिस्टरमध्ये लिहीत बसला असेल तर त्याच्या हाताखालून ते झेरॉक्सला नेता येत नाही. मेलचं सगळं टपाल एका मोठ्या फाइलीत असतं आणि सर्व्हर ती कधी मिटतच नाही. प्रत काढणारा रोज सातला यायचा, फाइल अडकलेली बघायचा, एक ओळ लिहून पुढे जायचा. उघड्या फाइलीचीही प्रत घेण्याची सोय त्या प्रोग्रॅममध्ये होती. तिनं जुनं मशीन मंद व्हायचं, म्हणून मीच ती कधीतरी बंद करून ठेवली होती.

मग दसऱ्याचीच प्रत कशी आली? मी आमच्या शिपाईकाकांना विचारलं. काका आता निवृत्तीला आलेत. दरवर्षी दसऱ्याला मी नागपूरला, दीक्षाभूमीवर असतो. कचेरी बंद असते, पण काका येतात, मशीन बंद करतात, हळदकुंकू लावतात, झेंडूची माळ घालतात, नारळ फोडतात. तासाभरानं मशीन पुन्हा सुरू करतात, मी शिकवलेलं बटण दाबून. पण मेल आपोआप सुरू होत नाही. लाइट गेली तरी मशीन बॅटरीवर चालतं, पण कधी बंद पडलंच तर फाइल तपासल्याशिवाय मेल सुरू होऊ नये, अशी व्यवस्था माझीच होती. त्यामुळे वर्षातली ती एक संध्याकाळ फाइल मिटलेली असायची, आणि सातला येणारा ती घेऊन जायचा.

दुसऱ्या दिवशी नागपूरहून आलो की मशीनवर कुंकू आणि मेल बंद. दरवर्षी मी काकांवर डाफरायचो, “चालू मशीन बंद करता कायले? देव हाये का ते?” काका म्हणायचे, “वर्षातून एक दिवस त्याले बी आराम पायजे, साहेब.” मी ते कचेरीभर हसून सांगायचो. वर्षातले बाकीचे सगळे दिवस माझी अक्कल चालली, आणि हाताशी उरलं ते काकांच्या पूजेच्या दिवसाचं.

जुनी डिस्क मी नागपूरला दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्यानं आठवड्यानं परत दिली, काही निघालं नाही म्हणाला.

आता आमच्या कचेरीतलं मेल मागच्या दसऱ्यापर्यंत आहे, आणि त्यात दादा जिवंत आहे. विज्ञान प्रदर्शनाची यादी पाठवतो आहे, प्रयोगशाळेला काचेच्या नळ्या मागतो आहे. जिथं ती ठळक ओळ असायची तिथं आता कुणाचंतरी रजेचं पत्र आहे. तरी मी पान खाली ओढून बघतो.

दादानं पाठवलेल्या मेलची त्याच्याकडची प्रतही त्याच फाइलीबरोबर गेली होती. तरी वहिनीला विचारून मी त्याचं मेलचं खातं उघडलं. न पाठवलेल्या मेलांच्या खणात एकच होतं, दसऱ्याच्या चार दिवस आधी लिहायला घेतलेलं. विषय तोच, त्या दिवशी सकाळी.

“त्या दिवशी सकाळी म्या फोन हाती घेतला होता. मायनं हात धरला. म्हने, धाकट्याले आताच नको सांगू. तो गाडी लय जोरात हाकते, घाबरून निंगन आन रस्त्यात काही करून बसन. मले जरा बरं वाटलं का मंग सांग. तिले बरं वाटलंच नाही. म्या तिचं आयकलं. आता तू मले सांग”

पुढे काही नव्हतं. मी गाडी जोरात चालवतो हे खरं आहे. मायला ते माहीत होतं, दादालाही. मी खोलीचं दार लावून घेतलं आणि रडलो.

रविवारी तो कागद घेऊन आसेगावला गेलो. गाडी हळू चालवली. पुलावर थांबलो नाही, थांबलो असतो तर पुढे जाणं झालं नसतं.

वहिनीनं चष्मा लावून कागद दोनदा वाचला, मग उलटा करून मागची बाजू बघितली. “एवढंच? त्याईनं तं लय लिवलं होतं. दिवाळीतबी लिवत होते.”

“हे अर्धं हाये, वहिनी. बाकीचं मशीनसंगं गेलं.”

“जाऊ द्या. तुमी तं पुरं वाचलं हाये ना. पुढं काय होतं ते तोंडानंच सांगा.”

मी जमिनीकडे बघत म्हणालो, “म्या ते उघडलंच नाही.”

तिनं चष्मा काढला. कागदाची घडी होती तशीच घातली आणि मांडीवर ठेवली.

“ते रोज पुसत मले,” ती म्हणाली, “वाचलं असन का त्यानं? वाशीमले निंगाले त्या दिवशीबी पुसलं. मी म्हनलं, वाचलं असन.”