गवताचा अमघार

अद्दीकाकांना नाही म्हणता येत नसे, हे आमच्या अख्ख्या खोऱ्याला ठाऊक होतं. खेचरांची खोगिरं शिवणं हा त्यांचा धंदा. कुणी म्हणे, अद्दी, माझं उद्या दे. काका म्हणत, हो. दुसरा म्हणे, त्याच्या आधी माझं. काका त्यालाही हो म्हणत आणि मग दोघांच्या शिव्या खात खाली मान घालून शिवत बसत. तूदाकाकू म्हणायची, "या माणसाला मृत्यूचा दूत न्यायला आला, तर हा त्यालाही हो म्हणेल आणि वर चहा पाजेल."

मी तेव्हा सतरा वर्षांची होते, खाली अझिलाल शहरात शिकत होते. जूनच्या मध्यावर घरी निघताना मास्तरांनी सुट्टीचा निबंध दिला: चांगला नेता कोणाला म्हणावं? ओळखीतल्या एका माणसावर लिहायचं होतं. नेत्याचे गुण त्यांनी फळ्यावर लिहूनच दिले होते. बोलण्यात जरब, धाडस, दूरदृष्टी, आणखी चार की पाच. बस गावात पोचायच्या आत मी माणूस ठरवून टाकला. इशू. मशिदीकडच्या भावकीतला, दीडशे मेंढ्यांचा मालक, उंचापुरा, आणि आवाज असा की इकडच्या डोंगरावर बोलला तर तिकडच्या डोंगरावरचं कुत्रं उठून बसे. काकांचं नाव माझ्या मनातही आलं नाही. आणि त्या साली गवताचे अमघार काका होते.

वर तामदाचं कुरण आहे. ते वसंतात बंद करतात आणि दहा जुलैला उघडतात. मधल्या काळात गवताला बी धरू द्यायचं. एकही खूर आत पडता कामा नये. त्यावर नजर ठेवायला दरसाल एक अमघार निवडतात. गावात भावक्या तीन. एकेका साली एकीची अमघार द्यायची पाळी असते, पण निवड उरलेल्या दोघी करतात. पाळीवाल्यांनी बाजूला बसायचं, तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. ज्याच्या फेट्यात गवताची काडी खोवली जाईल तो वर्षभर अमघार. त्याला नको म्हणायची सोय नाही. त्या साली पाळी आमची होती. माझे बाबा, बासू, म्हणजे काकांचे थोरले भाऊ, नवा फेटा बांधून गेले होते. काडी काकांच्या जुन्या फेट्यात गेली.

"मऊ लागलं की कोपरानं खणायचं," बाबा घरी येऊन म्हणाले, "दुसरं काय."

त्यांचं खरं होतं. त्या हिवाळ्यात बर्फ पडलंच नव्हतं. पुढे काय होणार हे निवडणाऱ्यांना दिसत होतं, आणि त्यांना नाही न म्हणणारा माणूस हवा होता. मी घरी आले तेव्हा खालचे उतार भुंडे झाले होते. तामदाला मात्र घोट्याएवढं हिरवं गवत होतं आणि ते गावातल्या प्रत्येक गच्चीवरून दिसत होतं.

पहिला इशूच आला. त्याच्यावर निबंध लिहायचा म्हणून मी वही घेऊन त्याच्या मागेमागे असायचे, तेव्हा हे मी कानांनी ऐकलं.

"अद्दी, कुरण उघड."

"हो," काका म्हणाले.

इतक्या लवकर हो मिळेल असं इशूला वाटलं नव्हतं. "मग उद्या नेतो माझी मेंढरं."

"ने की. फक्त त्याआधी घरोघर जाऊन विचारून ये, माझी जनावरं तुमच्या आधी गेली तर चालेल का म्हणून. कुणाची हरकत नसली की झालं."

"मी दारोदार फिरू? अमघार तू का मी?"

"मी. म्हणून तर तुला हो म्हटलं."

इशू तावातावाने निघाला. पहिल्या घरी त्याला चहा मिळाला, दुसऱ्या घरी बसा म्हणाले आणि विषय बदलला. तिसऱ्या घरची म्हातारी उंबऱ्यातूनच म्हणाली, "तुझ्या दीडशे आत शिरल्यावर आम्ही काय दगड चारायचे, बाबा?" इशू परत फिरला. माझी तीन पानं झाली होती, निबंधात तो दूरदृष्टीपर्यंत पोचला होता. मी ती पानं फाडली.

त्यानंतर दहाबारा जण आले. काकांनी प्रत्येकाला हो म्हटलं आणि प्रत्येकाला दारं दाखवली. बरेचसे स्वतःच्या घरापर्यंत जाऊन थांबले. काका लबाड आहेत, असं मला त्या आठवड्यात वाटू लागलं होतं, आणि लबाडी हा गुण मास्तरांच्या फळ्यावर नव्हता. पण मग इत्तो आली. विधवा बाई, दोन शेळ्या, आणि मुलीचं तान्हं त्या शेळ्यांच्या दुधावर. तिला काकांनी तेच सांगितलं. ती दोन दिवस फिरली, एकेचाळीस घरं. सगळ्यांनी हो म्हटलं. इशूने बराच वेळ दाढी खाजवली, पण त्यानेही म्हटलं. तिच्या दोन शेळ्या तामदाला गेल्या आणि गावात कुणाचं पोट दुखलं नाही. मी वहीत नवं पान उघडून वर काकांचं नाव लिहिलं.

काकांची स्वतःची अडतीस जनावरं होती. तूदाकाकू पहाटेपासून झाडांवर चढून पाला तोडायची. तिच्या तळहातांना भेगा पडल्या होत्या. जुलै लागला तेव्हा पाला संपला आणि मेंढ्या बसल्या जागेवरून उठेनात. नववी मेली त्या दिवशी काकूने ती पाय धरून ओढत आणली आणि काका शिवत होते त्या खोगिरावर टाकली.

"इत्तो फिरली, तुम्हाला काय धाड भरलीय? एक दिवस फिरा. तुम्हाला कोण नाही म्हणणार आहे?"

काका सुईत दोरा ओवत राहिले.

"लाज वाटते?"

"हो."

"मग पोरांना उद्यापासून त्या लाजेचं दूध काढून पाजा."

त्या संध्याकाळी बाबा आले. नव्या फेट्याचा राग त्यांनी तोवर गिळला होता. "अद्दी, तुला जमत नसेल तर तुझ्यासाठी मी फिरतो. दुपारपर्यंत होईल."

"नको, दादा."

बाबांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं, म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं. काका पुन्हा नको म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना नकार सुचला, तोही असल्या वेळी. मला त्यांचा भयंकर राग आला. काकू रडत होती, आत पोरं रडत होती, आणि हा माणूस सख्ख्या भावाला नको म्हणत होता. वहीत मी काकांच्या नावाखाली लिहिलं, 'नेत्याने लाजू नये. लाजाळू माणसाची किंमत घरातले मोजतात.' वाक्य मला आवडलं होतं.

दहा तारखेला सगळं गाव तामदाच्या दगडी हद्दीपाशी जमलं. काकांनी हात वर केला आणि जनावरं आत घुसली. कुणाचं आधी नाही, कुणाचं मागे नाही. बी धरलेलं गवत होतं, सप्टेंबरपर्यंत ते सगळ्यांना पुरलं. इशूच्या मेंढ्या हडकल्या होत्या, पण बहुतेक वाचल्या. तूदाकाकूने आपल्या चौदा आत हाकल्या. काकांच्या पुढून ती मेंढ्या मोजत गेली.

माणसं पांगल्यावर मी काकांना जवाची भाकरी नेऊन दिली. ते हद्दीच्या दगडावर बसले होते. माझा निबंध शेवटाशी अडला होता, आणि खरं सांगायचं तर मला भांडायचंही होतं.

"काका, तुम्ही विचारलं असतं तर सगळे हो म्हणाले असते."

"हो."

"इशूसुद्धा."

"इशू तर पहिला म्हणाला असता."

"मग विचारलं का नाही? चोवीस जनावरं गेली."

काकांनी भाकरी मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली. "इत्तोला एखाद्याने नाही म्हटलं असतं. इशूला तर म्हटलंच. मी अमघार. मला कुणी म्हटलं असतं? तू शिकलेली आहेस, सांग. एक तरी घर?"

मी एकेचाळीस दारं मनातल्या मनात फिरून आले.

"नाही," मी म्हणाले. "एकही नाही."

"मग ते विचारणं कसलं, पोरी?"