ज्याचे पाय ओले, त्याचा वाटा

मोहफुलं वेचता वेचता टोपली कवा भरते, समजत नाई. म्हाताऱ्या माणसाइच्या गोष्टीचंही तसंच! मी नवी सून होती तवा गावच्या बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीवर, बांधावरच्या चिंचेखाली, रोज संध्याकाळी म्हातारी मंडळी बसत. त्याइचे हे किस्से. त्याइच्यातल्याच एकीनं माह्या सासूले वाचवलं, ते काही मी विसरली नाई.

*

गणूभाऊचा गुडघा लई दुखे. वावरात जायचं म्हटलं का धरून बसे. पण तीन कोसावर रातभर नाचगाण्याची दंडार असली, का हा साऱ्याइच्या पुढं! सून म्हणे, "मामाजी, आता नाई दुखत काय?"

"त्या गुडघ्याले दंडार आवडते, बाई. त्याले काऊन नाराज करू?"

*

सखूबाई मासे धरणाऱ्या घरची. तोंड म्हणजे चक्की! एकदा खोकला झाला, तर वैदू म्हणे, "तीन दिवस बोलू नोको."

ती सात घरी सांगून आली, "बाई, मले बोलू नोको म्हटलं ना!"

*

माही सासू याच्या उलटी. मुळातच अबोल. सासरे गेले अन् तिनं खाटच धरली. पाळीवर जाणं सुटलं, पेजेची वाटी भरलीच परत येई. मले वाटे, हेही माणूस चाललं आता.

एक दिवस सखूबाई दारात ओरडाले लागली, "तुह्या कोंबडीनं माहं धान खाल्लं! बाहेर ये, बोल!"

आठ दिवसांत सासूच्या तोंडून शब्द नव्हता निघाला. ती खाटेवरूनच म्हणाली, "आमच्या घरी कोंबडीच नाई!"

"मंग कोणाची होती? उद्या येते इचारायले!"

आली ना! रोज आली. अन् रोज कोंबडीचा रंग वेगळा!

*

उन्हाळ्यात बोडी आटली का सारं गाव मासोळ्या धरायले उतरे. मासोळ्याइचे वाटे सखूबाई मांडे. कायदा एकच: ज्याचे पाय ओले, त्याचा वाटा.

त्या वर्षी वाटे मांडले, तवा मी म्हटलं, "सासूबाई खाटेवर आहेत, त्याइचा द्या ना."

"घरी बसणाराले काटाही नाई! सांग जाऊन तिले!"

मी रडत घरी आली अन् जसंच्या तसं सांगतलं.

सासू उठली. आधी भिंत धरून, मंग माहा खांदा धरून, मंग काहीच न धरता पाळीवर गेली. लुगडं खोचून पाण्यात उतरली अन् जन्मात पहिल्यांदा ओरडली, "सखे, पाह्य हे पाय! टाक माहा वाटा!"

सखूबाईनं बाजूचं पळसाचं पान उचललं. खाली एक वाटा झाकून ठेवला होता. वरचं पान सकाळपासूनच्या उन्हानं पार सुकून गेलं होतं.