साडू आणि त्यांचे सहप्रायोजक

आमच्या थोरल्या साडूंनी आयुष्यात एखादी गोष्ट एकट्याने केली असेल यावर माझा विश्वास नाही. ते जुळे आहेत, हाही मी योगायोग मानत नाही. जन्म घेतानासुद्धा त्यांनी कुणाला तरी सहप्रायोजक करून घेतलं असणार. जर्मनीत ब्राउनश्वाइगला एका मोटार कंपनीत ते ब्रेकच्या चाचण्या घेतात, आणि ब्रेक लावायची सगळी हौस तिथेच भागत असल्यामुळे बाहेर ते कशालाच थांबत नाहीत. नोकरी आपली पोटापुरती. खरा उद्योग म्हणजे शनिवारी दुपारी शहराच्या वाचनालयात मराठी गोष्टींचा कार्यक्रम भरवणं. आणि कार्यक्रम म्हटला की सहप्रायोजक आले. "अहो, तुमच्यावर काहीही भार नाही. तुम्ही फक्त बटाटेवड्यांचे सहप्रायोजक," असं ते मला फोनवर सांगतात, आणि माझं उत्तर पुरं व्हायच्या आत आमच्या स्वयंपाकघरात कुकर चढलेला असतो. थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला नाही म्हणायची पद्धत माझ्या बायकोच्या माहेरी नाही. माझं माहेर, म्हणजे आमचं पुणं, याबाबतीत जास्त पुढारलेलं आहे, पण मला विचारतो कोण?

बरं, आम्ही घरचेच सापडलो असतो तर एक वेळ ठीक होतं. कोपऱ्यावरचा तुर्की दुकानदार खजुराचा सहप्रायोजक झाला. ड्रायव्हिंग स्कूलचा मालक खुर्च्या हलवण्याचा झाला. योग शिकवणाऱ्या जर्मन बाईंना साडूंनी शांततेचं सहप्रायोजकत्व देऊ केलं. त्यात आपण नेमकं करायचं काय, असं त्या बिचारीने विचारलं, तर म्हणाले, "काही नाही, पहिल्या रांगेत बसा. तुमच्याकडे बघून आमचे लोक गप्प बसतील." आमच्या लोकांविषयी इतका आशावाद मी दुसऱ्या कुणात पाहिलेला नाही. पोस्टरवर या सगळ्यांची नावं अशी ठळक छापत की कार्यक्रम कसला आहे हे वाचायला चष्मा लागायचा. एकदा तर नावांच्या गर्दीत कार्यक्रमच छापायचा राहिला. साडू जराही डगमगले नाहीत. "उत्सुकता वाढते," म्हणाले.

जर्मन माणूस नियोजनाला घाबरत नाही अशी माझी समजूत होती. वाचनालयात कार्यक्रमांचं काम बघणाऱ्या लिंडेमानबाईंचा चेहरा पाहिल्यावर ती गेली. बाई म्हणायच्या, पुढच्या वसंतातलं आत्ताच ठरवू या. साडू त्याच्या पुढच्या वसंतातल्या तारखा काढून बसायचे. दर कार्यक्रमाआधी त्यांच्या घरी नियोजन बैठक व्हायची. बैठकीत चहा, चिवडा आणि पुढच्या बैठकीची तारीख एवढ्या तीन बाबींवर एकमत होई. बाकीचं साडू आदल्या रात्री एकटेच उरकत आणि श्रेय समितीला देत. मेव्हणीबाई एकदा ट्रे ठेवता ठेवता मला म्हणाल्या, "या घरात आमटी सोडून सगळ्याला आधी वेळ ठरवून टेर्मिन लागतो. आमटीला पण लागला असता, पण मी समितीत नाही ना!"

दीपप्रज्वलनाची कथा तर वाचनालयात अजून सांगतात. पुस्तकांच्या इमारतीत उघडी ज्योत चालणार नाही, धूर झाला की भोंगा वाजतो आणि अग्निशमन दल येतं, असं लिंडेमानबाईंनी स्वच्छ सांगितलं. आपण असतो तर समई गुंडाळून घरी नेली असती. साडूंनी बॅटरीवरची समई मागवली आणि प्रमुख पाहुण्यांच्या हातात रिमोट दिला. पाहुण्यांनी गंभीरपणे बटण दाबलं. समई पेटली नाही, पण पाठीमागचा पडदा सरसर वर जाऊन चहाची भांडी पुसणारा मी सगळ्यांना दिसलो. टाळ्या झाल्या. भारतीय परंपरेत ही व्यक्ती कोण, असं एका आजोबांनी विचारल्याचंही मला नंतर कळलं.

आता इतका खटाटोप कशासाठी, असं कुणालाही वाटेल. त्यांना भाषणाची हौस आहे असं मराठी मंडळातले लोक म्हणत, आणि ती आहेच. पण खरं कारण मला ठाऊक होतं. त्यांची मुलगी, म्हणजे आमची भाची मनू, मराठी ऐकते, समजते आणि उत्तर जर्मनमध्ये देते. "मनू, जेवायला ये गं," म्हटलं की आतून "गेनाऊ, ग्लाइश!" असा आवाज येतो, म्हणजे 'बरोब्बर, आलेच!' साडू मला एकदा म्हणाले होते, "अहो, घरात बोललं की ते नुसतं आईबापाचं बोलणं होतं. चार लोकांत कानावर पडलं, तर तिला ती भाषा वाटेल." तिने एकदा तरी आपल्याशी एक अख्खं वाक्य मराठीत बोलावं, एवढ्यासाठी त्या माणसाने अर्धं शहर सहप्रायोजक करून ठेवलं होतं. मनू मात्र कार्यक्रमाला यायचीच नाही. अकरावीतल्या मुलीला बापाच्या कार्यक्रमाची लाज वाटते. तो निसर्गनियम आहे.

तीन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात लिंडेमानबाईंनी साडूंना बोलावून घेतलं. म्हणाल्या, तुमच्याकडे मदत करणारे पुष्कळ आहेत, पण ऐकणारे कुणी दिसत नाहीत. वाचनालय सार्वजनिक आहे. पुढच्या वेळी श्रोते आले नाहीत, तर जानेवारीपासून शनिवारची वेळ विणकाम मंडळाला देईन. साडू त्या संध्याकाळी आमच्याकडे आले ते चहासुद्धा नको म्हणाले. मग मनूलाच गळ घातली. "या वेळेला ये. परत कधी म्हणणार नाही," असं ते तिला माझ्यासमोर म्हणाले. त्यांच्या तोंडी विनंती इतकी विचित्र वाटली की मनूसुद्धा हो म्हणून गेली.

आणि मग साडूंनी करायचा तोच घोटाळा केला. श्रोते हवेत म्हणून त्यांनी ओळखीच्या एकूण एक घराला बोलावलं; कुणी नुसतं यायला तयार होईना म्हणून प्रत्येकाला सहप्रायोजक केलं; आणि सहप्रायोजकांना मंचावर बसवायचं ही आपली रीत, ती परदेशात तरी मोडायची कशी? कार्यक्रम सुरू झाला तेव्हा ब्राउनश्वाइगमधला झाडून सगळा मराठी समाज मंचावर दाटीवाटीने बसला होता. मी वड्यांच्या दोन डब्यांमध्ये अंग चोरून होतो. समोर रिकाम्या खुर्च्या, शेवटच्या रांगेत फोनमध्ये डोकं घातलेली मनू, आणि मध्ये सुया चालवत बसलेल्या तीन जर्मन आजीबाई. त्या विणकाम मंडळाच्या होत्या. जानेवारीपासून मिळणारी खोली उबदार आहे का, ते बघायला आल्या होत्या. दारात लिंडेमानबाई हाताची घडी घालून उभ्या.

साडूंनी घसा साफ केला आणि गोष्ट सुरू केली. गोष्ट त्यांच्या आईच्या म्हशीची. आई माहेरी गेली की म्हैस पान्हा चोरायची, शेवटी वडील आईचं लुगडं नेसून धार काढायला बसले. मंचावर हशा झाला. आजीबाईंनी विचारलं, काय झालं? साडूंनी भाषांतराला घेतलं. त्यांचं जर्मन सगळं ब्रेकच्या अहवालांतलं. "आल्झो," म्हणाले, आणि चालक अनुपस्थित असता म्हशीच्या उत्पादनात घट आढळली, असं काहीतरी त्यांनी सांगितलं. आजीबाईंनी माना डोलावल्या आणि पुढचा टाका घातला. साडूंच्या कपाळावर घाम आला. त्या माणसाला शब्द सापडत नाहीयेत, हे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"नाइन, पापा. सो निश्ट."

असं नाही, असं बापाला जर्मनमध्येच बजावून मनू उठून पुढे आली होती. आजीबाईंच्या शेजारी खुर्चीच्या हातावर बसली आणि तिने जर्मनमध्ये सांगायला सुरुवात केली. म्हशीने दूध आटवलं नव्हतं, कुणासाठी तरी राखून ठेवलं होतं, असं ती म्हणाली. लुगड्यात पाय अडकून पडलेले आजोबा तिने असे उभे केले की तिघींच्या सुया थांबल्या. आणि शेवटी तिने सांगितलं की आजी माहेराहून परत आली तेव्हा घरात न शिरता आधी गोठ्यात गेली, आणि म्हशीने तिचा हात चाटला. हे साडूंनी त्या दिवशी सांगितलंच नव्हतं. मनू लहान असताना जेवण भरवताना कधीतरी सांगितलं असेल. ते स्वतः विसरून गेले होते. साडू खाली बघत उभे राहिले, आणि त्यांची थट्टा करायचं मला काही केल्या सुचेना. माझेच डोळे भरून आले होते.

आजीबाईंनी लिंडेमानबाईंना सांगितलं की विणताना कान मोकळेच असतात. शनिवार तेव्हापासून दोघांचा झाला आणि विणकाम मंडळ अर्थातच सहप्रायोजक. ट्रामच्या थांब्यावर साडू मला हळूच म्हणाले, "तिला सगळं कळतं हो. सगळं." त्यांना हवं होतं ते मराठी वाक्य त्याही दिवशी मिळालं नव्हतं.

मनू आता हॅनोव्हरला शिकायला आहे. भाषांतराला तिच्या जागी एक विद्यार्थी येतो, त्याचं जर्मन फार शुद्ध आहे. गोष्ट सांगताना साडू दर वाक्यानंतर गरजेपेक्षा जरा जास्तच थांबतात. रविवारी मनूचा फोन येतो. काल काय सांगितलंस, असं ती जर्मनमध्ये विचारते. मग ते अख्खी गोष्ट तिला पुन्हा सांगतात, मराठीत, सावकाश, एकही सहप्रायोजक न घेता. मध्येच मुद्दाम थांबतात, ती ऐकते आहे ना, हे बघायला. पलीकडून आवाज येतो, "वायटर, पापा." आणि साडू पुढे सांगायला लागतात.