राक्षसाचा ढेकर

माझ्या साडूभाऊंचा देह दारातून तिरका करून आत न्यावा लागतो. आवाज मात्र असा, की फोनवर बँकवाले त्यांना "मॅडम" म्हणतात. हे ते स्वतःच सांगून हसायचे. म्हणून आमच्या सिडकोतल्या कॉलनीच्या गणपतीत राक्षसाचं काम त्यांना द्यायचं ठरलं, तेव्हा पहिली फिरकी मीच घेतली. म्हटलं, "राक्षस दिसायला जोरदार, पण तोंड उघडलं की पोरं त्याला बिस्किट देतील."

नाटक कॉलनीतल्या एका निवृत्त मास्तरांनी लिहिलेलं. शहराचं सगळं पाणी पिऊन टाकणारा राक्षस. आमच्याकडं नळाला पाणी आठवड्यानं येतं, त्यामुळं विषय कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

मी चिकलठाण्याला एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन. सुट्टीच्या दिवशी जुने अँप्लिफायर उघडून बसणं एवढाच माझा शौक. त्यामुळं चिलखतात आवाज बसवायचं काम आपसूक माझ्याकडं आलं. चिलखत फोमच्या शीटचं, वरून सोनेरी स्प्रे. शिरस्त्राण म्हणजे उलटी केलेली प्लास्टिकची बादली, तोंडापुढं कापलेली. भाजीवाले गाडीवर लावतात तसला लहान अँप्लिफायर कमरेला बांधला आणि स्पीकर छातीवर बसवला. पहिल्याच "हॅलो"ला अशी शिट्टी निघाली, की शेजारचं कुत्रं पळालं. माइक आणि स्पीकर एकमेकांच्या इतके जवळ असले की हे होणारच. मग स्पीकर पोटावर उतरवला, त्याचं तोंड खाली केलं, भोवती स्पंज कोंबला आणि माइक बादलीच्या आत अगदी ओठांशी आणला. शिट्टी गेली.

उजव्या हातमोज्याच्या तळव्यात एक चपटं बटण शिवलं. मूठ आवळली की पोटातून घटाघट पाणी प्यायल्याचा आवाज, आणि शेवटी ढेकर. पाणी माठात ओतून रेकॉर्ड केलेलं. ढेकर माझा स्वतःचा, सोडा पिऊन काढलेला आणि कॉम्प्युटरवर दुप्पट लांबवलेला.

नाटकाच्या आदल्या दिवशी दुपारी गच्चीवर एकटाच ते सगळं अंगात घालून बघत होतो. खालून एक ओळखीचे काका जात होते. "नमस्कार," म्हणाले. मी सवयीनं हात जोडले. घटाघट, घटाघट, आणि तो ढेकर. काकांनी वर बघितलं आणि चालायचा वेग वाढवला.

म्हणजे मला कळलं होतं. हात जोडले की बटण दाबलं जातं. ते तळव्यातून काढून बोटाच्या कडेला शिवायला पाच मिनिटं लागली असती. सुई-दोरा समोर होता.

तेवढ्यात सिल्लोडहून सासऱ्यांचा फोन आला. "धाकले जावई नाटकात हायेत म्हणं. आम्ही सगळे येतोय. तुम्ही काय करताय त्यात?"

"आवाजाचं बघतोय, मामा."

"असं व्हय. मग वायरीबियरी नीट बघा. त्यांचं काम लई चांगलं झालं पायजे."

सतरा वर्षं त्या घरात पहिला पाट माझा होता. मी मोठा जावई. आता मी वायरीपुरता. फोन ठेवला, हातमोजा घडी करून पिशवीत टाकला आणि मनाशी म्हणालो, राक्षस कशाला कुणाला हात जोडतोय!

पण साडूभाऊंनी काम काय केलं म्हणून सांगू! महिनाभर ते वाळूजला कामावर जाता-येता हेल्मेटच्या आत डायलॉग म्हणत होते. सिग्नलला शेजारचे लोक वळून बघायचे. बेंबीच्या देठापासून बोलायला ते त्या हेल्मेटात शिकले. माझ्या मशीननं आवाज फक्त मोठा केला. भारदस्त त्यांनीच केला होता. पुढं बसलेली चिल्लीपिल्ली एकमेकांना बिलगून बसली होती.

नाटक संपलं. मंडळानं सासऱ्यांना स्टेजवर बोलावलं, जावयाच्या हातात नारळ द्यायला. आणि साडूभाऊंनी वाकून हात जोडले.

घटाघट, घटाघट. ढेकर. थेट सासऱ्यांच्या तोंडावर.

साडूभाऊ गडबडले. माफी मागायला पुन्हा हात जोडले. पुन्हा ढेकर. लोकांना हात जोडले, लोकांनाही ढेकर. सासऱ्यांनी निवेदकाचा माइक घेतला आणि शांतपणे विचारलं, "पोट भरलं का, जावईबापू?"

कॉलनी इतकी हसली की मांडवाचे खांब हलले म्हणतात. मीही हसलो. बाजूला वायरींपाशी उभा राहून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

चिलखत उतरवताना साडूभाऊ म्हणाले, "माझंच चुकलं, साडूभाऊ. तुमची मशीन लई भारी. मलाच संभाळता आली नाय."

तिथंच बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "होतं असं कधी कधी." लोक येऊन म्हणत होते, मशीननं काय आवाज दिला! तेव्हाही मी नाही म्हणालो नाही.

ही तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हापासून दरवर्षी त्यांना काम देऊ करतात आणि दरवर्षी ते म्हणतात, "आवाज मशीनचा, फजिती माझी. दुसरं कुणी बघा." आधी हे हसत म्हणायचे. यंदा हसले नाहीत. मंडळाच्या पोरांसमोर म्हणाले, "मला काम येत नाय हो," आणि खरंच तसं वाटून म्हणाले. मी तिथंच होतो.

रविवारी सकाळी त्यांच्याकडं गेलो. मेहुणीनं पोहे दिले. ते खाली ठेवून मी सगळं सांगितलं. गच्ची, काका, बटण, फोन. सांगताना त्यांच्याकडं बघवेना, म्हणून पोह्यांतले शेंगदाणे बाजूला करत होतो.

"तुम्हाला ठाऊक होतं?" साडूभाऊ म्हणाले.

"हो."

"आदल्या दिवशीच?"

"हो."

मेहुणी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "दाजी, तीन वर्षं झाली. माहेरी गेलं की भावजया विचारतात, ढेकर आले नाहीत का सोबत?"

साडूभाऊंनी उठून पंखा कमी केला. मग म्हणाले, "एवढा राग होता का माझा?"

"तुमचा नाही. मामा मला वायरीबियरी म्हणाले त्याचा."

"अहो, मला तर ते माझ्याच लग्नात 'हे कोण' म्हणाले होते. फेटा बांधून उभा होतो मी!" मेहुणी फस्सकन हसली. मी हसू की नको या विचारात असतानाच ते म्हणाले, "आन् ते आवाजाचं?"

हे सांगणं जास्त जड गेलं. "आवाज तुमचा होता. मशीन नुसती मोठा करते. लोक मला वाहवा देत होते, मी घेतली."

साडूभाऊंनी मोबाइल उचलला, सासऱ्यांना लावला आणि स्पीकर चालू करून माझ्यापुढं धरला. "सांगा."

"आत्ता?"

"पोहे गार व्हायच्या आत."

मी सांगितलं. पलीकडं टीव्हीचा आवाज बंद झाला. मग सासरे म्हणाले, "तुम्ही थोरले ना?" मी "हो" म्हणालो. "शोभलं नाय," ते म्हणाले. "फोन द्या त्यांच्याकडं."

साडूभाऊंनी स्पीकर बंद करून फोन कानाला लावला. आता मला त्यांचंच बोलणं ऐकू येत होतं, त्यांच्या नेहमीच्या बारीक आवाजात. "हो मामा… नाय, रागावलो नाय… रागावलो थोडा… कोणता आवाज? त्या दिवशीचा?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली.

"नाय मामा, मशीनचा नाय," ते म्हणाले. "माझाच होता. ऐकवू का?"