माळकरी आई आणि सुरमई

आमच्या निमगाव केतकीच्या घरात मटण शिजतं ते गोठ्यामागच्या चुलीवर. आई माळकरी, तिच्या स्वयंपाकघरात अंडंसुद्धा येत नाही. अशा बाईला मी गेल्या हिवाळ्यात मासेमारीच्या बोटीवर नेलं.

डाळिंबाची तोडणी उरकली होती. पोरांना समुद्रात जाऊन मासे धरायचे होते, म्हणून हर्णैला एका तांडेलाची बोट दिवसभरासाठी ठरवली. आईला घरी एकटीला कसं ठेवायचं, म्हणून तिलाही गाडीत बसवलं. तिनं समुद्र कधी पाहिला नव्हता.

"मी आपली काठावर बसंन," ती बंदरावर म्हणाली.

"काठावर एकटी काय करशील? चल की!"

हट्ट माझाच. तांडेलाचा हात धरून, लुगडं सावरत ती बोटीत चढली. सुरुवातीला खूश होती. "आरं, पल्याडचं गाव दिसंनाच की!" म्हणाली, तेव्हा नातवंडं खो खो हसली.

किनारा दिसेनासा झाल्यावर तांडेलानं इंजिन हळू केलं आणि गळ सोडले. बोट डुलायला लागली. हळूहळू आईचं बोलणं थांबलं. बायको माझ्याजवळ सरकून म्हणाली, "आईंना मळमळतंय. फिरायचं का माघारी?"

आई फळीला घट्ट धरून बसली होती. चेहरा उतरलेला.

"काय होतंय गं?"

"काय न्हाय. धरा तुमी मासं. पोरांचा हिरमोड नको."

तांडेलही म्हणाला, "म्हाताऱ्या माणसाला सोसत नाही दादा. वळवू बोट?"

"एक मासा लागू दे, मग वळू. पोरं एवढ्या लांबून आलीत."

पोरांचं नाव मी पुढं केलं. पोरगी तेव्हा आजीच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि पोरगा कंटाळून दोरखंडावर डोकं टेकून झोपला होता. गळाची काठी माझ्या हातात होती.

बऱ्याच वेळानं काठी वाकली. तळहात सोलून निघेपर्यंत मी दोरी ओढत होतो. सुरमई वर आली, हातभर लांब, चांदीसारखी. फळीवर तडफडायला लागली तेव्हा तांडेलानं तिच्या डोक्यात लाकडी दांडकं घातलं. मी ओरडलोच, "आई, बघ!"

आई ओकून ओकून आडवी झाली होती. हाक मारली तरी डोळे उघडेना.

परतीच्या वाटेवर बायको ओल्या फडक्यानं तिचं तोंड पुसत राहिली. बंदरावर तिला मी उचलून घेतलं. केवढी हलकी झाली होती! मागून तांडेल बर्फातला मासा घेऊन आला. नुसता हात हलवून मी त्याला लांब केलं.

दवाखान्यात सलाईन लावलं. दिवेलागणीला तिनं डोळे उघडले. मी उशाशीच होतो. मला वाटलं, आता रागावेल, आणि रागावली असती तर बरंच झालं असतं.

"मासा गावला व्हता न्हवं?"

"व्हय."

"पोरांनी खाल्ला का?"

"न्हाय. तिथंच सोडून आलो."

तिचा सुईचा हात पलंगावर होता. दुसऱ्या हातानं तिनं गळ्यातली माळ चाचपली.

"मग मारला कशाला रं?" ती हळूच म्हणाली.

मी बाहेर जाऊन डॉक्टरांना उगाचच सलाईनचं विचारून आलो.

दुसऱ्या दिवशी आम्ही घरी परतलो. संध्याकाळी शेजारच्या बायका ओट्यावर जमल्या. आई भिंतीला टेकून सांगत होती, "लय मोठं पाणी बाई. आभाळाला टेकल्यालं. लेकानं हाताला धरून दावलं मला." ओकण्याचं नाही, दवाखान्याचं नाही, एक शब्दही नाही. बायका माझ्याकडं कौतुकानं बघायला लागल्या.

मला तिथं उभं राहवेना. काही काम नसताना मी ट्रॅक्टर चालू केला आणि मळ्याकडं निघालो.