‘सोड’ हा शब्द आमचा होता

ख्राइस्टचर्चच्या ज्या हॉलमध्ये आम्ही नवरा-बायको दर गुरुवारी बॅडमिंटन खेळतो, तिथे गेल्या वर्षी एक कोरियन गृहस्थ कोच म्हणून आले. एकेकाळी देशाच्या संघातून डबल्स खेळलेले. माझी बायको त्यांना आदराने ‘ते’ म्हणते आणि मला ‘अरे’. म्हणून मी मनातल्या मनात त्याला ‘तो’ म्हणतो. तेवढाच सूड.

मीही पुण्यात कॉलेजच्या टीममध्ये होतो. पुढे इंजिनिअरिंग आलं, मग इथे येऊन भूकंपानंतरच्या इमारतींची डिझाइन्स. त्याने मात्र दुसरं काही केलंच नाही. शाळेतच त्याच्या कोचने त्याला सिंगल्समधून काढून डबल्समध्ये घातलं, पार्टनरही कोचनेच ठरवला. वर्षानुवर्षं दोघं एका खोलीत राहिले, एकत्र जेवले, एकत्र जिंकले. मग एका मोठ्या स्पर्धेत, अगदी शेवटच्या पॉइंटला, शटल दोघांच्या मधोमध आलं आणि दोघांनीही ते एकमेकांवर सोडलं. परत गेल्यावर कोचने जोडी फोडली. नव्या पार्टनरबरोबर त्याला पदक मिळालं, मग गुडघे गेले आणि तो रिटायर झाला. हे सगळं तो बुटांच्या लेस सोडता सोडता सांगत होता.

“आणि जुना पार्टनर?” बायकोने विचारलं.

“नंतर कधी बोललो नाही.”

बायकोचे डोळे भरून आले. माझ्या कॉलेजच्या मॅचेस ऐकताना ती जांभया देते.

कोर्टवर आम्ही मराठीतून ओरडतो, समोरच्यांना कळू नये म्हणून. शटल बाहेर चाललं असलं किंवा माझं असलं, की मी ‘सोड!’ म्हणतो. बायको सोडत नाही. लग्न झाल्यापासून सोडलेलं नाही. कोचच्या ‘लीव्ह’कडेही तिचं लक्ष जाईना, तेव्हा मीच मोठ्या मनाने त्याला सांगितलं, “सोड म्हणून बघा.” त्याला ‘ड’ जमेना. तो ओरडला, “सोदु!” आणि बायकोने चक्क रॅकेट खाली घेतली. शटल लाइनबाहेर पडलं. मी आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला होता.

मी जळलो, सरळच सांगतो. त्याच्या पदकावर जळलो, आणि त्याहून जास्त त्या रॅकेटवर. घरी बायको कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्यापाशी पुढे-मागे सरकायचा सराव करायची. “कोच म्हणतात, गुडघा वाकलेला हवा.”

“बाबा, यू आर सो जेलस,” मुलगी म्हणाली.

“मराठीत बोल,” मी खेकसलो.

मग क्लबची मिक्स्ड डबल्स स्पर्धा आली. कोचने सगळ्यांसमोर जाहीर केलं, “जी जोडी हरेल ती पुढच्या सीझनला मी बदलणार.” त्याच्याकडची रीतच ती. बोलताना बघत होता आमच्याकडे. बायको “आम्ही नाही बदलणार” असं काही म्हणेल म्हणून मी थांबलो. ती ग्रिप गुंडाळत बसली. ते मला फार लागलं.

फायनलला आमच्यासमोर बायको काम करते त्याच हॉस्पिटलमधलं एक जोडपं होतं. शेवटच्या पॉइंटला शटल आमच्या मधोमध उंच आलं. माझंच होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात बाहेरून आरोळी आली, “सोदु!”

बायकोने सोडलं. आणि काय सांगू, मीही सोडलं. शटल आमच्या दोघांच्या बुटांच्या मधोमध पडलं.

कोचने ते उचललं, पिसं सारखी केली आणि बायकोला म्हणाला, “नेक्स्ट सीझन, माझ्याबरोबर.” गुडघ्याला पट्टा बांधून खेळणार म्हणे. बायको हसून म्हणाली, “थँक यू, कोच.”

गाडीत माझा तोल गेला. “मध्ये ओरडला तो, आणि शिक्षा मला? तू नाही म्हणायचं होतंस!”

सिग्नलला गाडी थांबली. बायको समोर बघत, स्वतःशीच हसत म्हणाली, “सोदु ना रे आता.”

माझ्या बायकोला ‘ड’ नीट म्हणता येतो.