माझा लाल चौकोन आणि नंदाची गुलाबी गोधडी

मैत्रिणींनो, नंदा या ग्रुपमध्ये नाही म्हणून इथे लिहितेय. डोकं अजून तापलेलंच आहे.

जळगाव जामोदच्या आम्ही चौघी गोधड्या शिवतो. प्रत्येकीने चौकोन शिवायचे, एकमेकींना द्यायचे आणि आलेल्या चौकोनांची आपापली गोधडी जोडायची. नियम एकच, कापड आधी धुऊन घ्यायचं. नाहीतर रंग सुटतो.

मागच्या गोधडीच्या फोटोखाली नंदाने लिहिलं, 'सगळी कल्पना माझी.' आम्हा तिघींचं नावसुद्धा नाही! म्हणून या खेपेला तिला कोऱ्या लाल कापडाचा चौकोन दिला. न धुतलेला. मुद्दाम.

काल तिने गोधडी धुतली. आज दुपारी ती घेऊन माझ्याकडे आली. मी चहा ठेवला आणि तिचं रडणं ऐकायला ऐसपैस बसले.

"पाह्य ना व," गोधडी पसरत ती म्हणाली, "सारे पांढरे चौकोन गुलाबी झाले! गल्लीतल्या बाया विचारून राह्यल्या, असा रंग कसा जमवला म्हणून. मी सांगतलं, मुद्दाम केला."

"मुद्दाम? तू?" माझ्या तोंडून निघालंच.

"हाव. मले अजून एक चौकोन दे ना, असाच."

खरं सांगू? गोधडी सुंदरच दिसत होती. त्याचाच जास्त राग येतोय.

चौकोन देणार आहे मी. कोरं काळं कापड आत्ताच कपाटातून काढून ठेवलंय. बायांनो, काळा रंग किती सुटतो, कोणी करून पाहिलंय का?